अलबेलाची स्वस्तातली डीव्हीडी: चित्र मळकं, पण भगवानदादा डोक्यापासून पायापर्यंत

पैशांचं आधी सांगून टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. कुरिअर धरून दोनशेच्या आत पडली. एक डिस्क, पातळ डबी, कव्हरवर नायिका गीता बालीचा रंगवलेला मोठा फोटो (पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, कव्हर मात्र रंगीत, आपल्याकडे चालतंच हे) आणि ज्याने पिक्चर काढला, दिग्दर्शित केला, ज्याच्या जिवावर तो चालला तो भगवानदादा खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढा. कंपनीचं नाव लिहित नाही कारण हाच पिक्चर तीन-चार जणांनी काढलाय आणि मला दाट संशय आहे की कव्हरं सोडली तर आतला माल एकाच ठिकाणचा आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. साडेतीन का आणि दीड कुठे कापला ते आता सविस्तर.

आता पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच की बाबा यूट्यूबवर फुकट आहे की, मग पैसे कशाला घालवलेस. बरोबर आहे, ढीगभर कॉप्या आहेत, आणि त्याचं कारण पण सरळ आहे, आपल्या कायद्यात पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, अलबेला १९५१ चा, म्हणजे २०११ संपलं आणि पिक्चर मोकळा झाला. (चाली आणि शब्दांचं वेगळं असतं, ते रचणारा गेल्यावर ६० वर्षं, ह्या पिक्चरचे संगीतकार सी. रामचंद्र गेले १९८२ ला, त्यामुळे त्या अजून मोकळ्या नाहीत.) तर मोकळा झाला म्हणून ज्याला वाटेल तो टाकतोय, आणि टाकताना काय करतात तर आजच्या रुंद टीव्हीवर बाजूला काळे पट्टे दिसू नयेत म्हणून वरून आणि खालून चित्र कापतात. तो काळ जवळजवळ चौरस चौकटीचा, त्यातून रुंद पट्टी काढायची म्हणजे जवळपास पाव चित्र गेलं. वरून कपाळ गेलं, खालून पाय गेले.

आणि पाय गेले की भगवान गेला हो. बाकी कुठल्याही विनोदी नटाचं एक वेळ चालेल, तोंड दिसलं की काम भागतं. ह्या माणसाचं तसं नाही.

कसं ते सांगतो. "भोली सूरत" वर आपण सगळेच नाचलोय, लग्नात नाचलोय, विसर्जनाला नाचलोय, आणि आपल्याला वाटतं की हात जरा हलवले, मान डोलावली की झाली भगवान स्टेप. आता पूर्ण चौकटीत बघा. गडी जाड आहे, बुटका आहे, पण वजन कायम दोन्ही पायांवर बरोब्बर वाटलेलं. गुडघे किंचित वाकलेले, टाच फारशी उचलतच नाही, पाय जमिनीवरून सरकवतो, आणि वरचं अंग मात्र एकदम सैल, खांदे सैल, कोपरं सैल, हात छातीसमोर असे फिरवतो की जसं काही विशेष चाललेलंच नाही. वरून कुठलाही ताण नाही आणि खालून पक्का, ही गंमत आहे. वरचं अर्धं बघितलं तर बावळट माणूस नाचतोय असं वाटतं आणि खालचं बघितलं की कळतं हा बावळट अजिबात नाही, ह्याला तोल म्हणजे काय ते पुरतं माहितीये.

माहिती असणारच, कारण हा माणूस मुळात कुस्तीच्या नादाचा. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, वडील कापड गिरणीत कामाला, स्वतः पण मजुरी केलेला. मूकपटाच्या काळात सिनेमात शिरला आणि पुढे स्वतःच पिक्चर काढायला लागला, १९३८ चा "बहादुर किसान" चंद्रराव कदमांबरोबर दिग्दर्शित केला, आणि मग दहा-अकरा वर्षं नुसते कमी पैशातले स्टंटपट, मारामारी, उड्या, घोडे वगैरे, जे कामगारवस्तीतल्या थेटरांत चालायचे आणि शहाण्यासुरत्या लोकांनी ज्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. "मास्टर भगवान" हे नाव तिथलं. १९४९ चा "भेदी बंगला" तर भुताटकीचा. १९४२ ला स्वतःची जागृती ही निर्मितीसंस्था, १९४७ ला चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ, म्हणजे राज कपूरचा आर. के. यायच्या आधी चेंबूरला हा गिरणीकामगाराचा पोरगा स्टुडिओचा मालक होता. हे मला फार भारी वाटतं आणि हे कुणी सांगत नाही.

डीव्हीडीच्या मागच्या कव्हरवर तर नाहीच नाही. तिथे इंग्रजीत तीन ओळी आहेत आणि तिन्हीत तेच, मोठा होता, सगळं गेलं, चाळीत मेला. अरे बाबांनो माल विकताय ना तुम्ही, मग मालात काय आहे ते लिहा की. अर्धा गुण मी ह्या कव्हरसाठी कापलाय, छापायच्या चुकांसाठी नाही.

कुणी म्हणेल मारामारीच्या पिक्चरचं एवढं काय कौतुक. कौतुकच आहे असं पण नाही. त्याच मारामारीच्या दिवसातली गोष्ट आहे, १९४२ च्या "जंग-ए-आझादी" च्या वेळी एका सीनमध्ये ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती, दादांचा हात इतक्या जोरात बसला की त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, काही वर्षं उपचारात गेली आणि नायिकेची कामं संपली. पुढे आपल्याला माहीत असलेली खाष्ट सासू झाली ती तिथून. हे लिहायचं कारण एवढंच की ज्या हाताचा अंदाज त्या दिवशी चुकला तोच हात नऊ वर्षांनी अलबेलात बघताना मला दर वेळी हे आठवतं, नको असताना आठवतं. प्रेमाने लिहायचं म्हणून गाळणार नाही.

असो. चित्राकडे येतो. ह्या डिस्कवर चौकट पूर्ण आहे. वरचं कपाळ आहे, खालचे पाय आहेत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पैसे वसूल म्हणतो. बाकी चित्र मळकं आहे, रिळ बदलायच्या जागांवर ओरखडे, काळा रंग काळा नाही तर राखाडी, पांढरा तर कधीकधी इतका जळलेला की गीता बालीच्या चेहऱ्यावर नाकच सापडत नाही. वर कंपनीचा लोगो सगळा वेळ कोपऱ्यात. सुरुवातीला दुसऱ्या पिक्चरच्या जाहिराती ज्या पुढे ढकलता येत नाहीत, रिमोटचं बटण दाबलं की पडद्यावर नुसती "नाही" म्हणणाऱ्या हाताची खूण येते.

आणि एक सेटिंग लक्षात ठेवा, नवीन टीव्हीवर लावली की टीव्ही आपोआप चित्र आडवं ताणतो. भगवानदादा आधीच चांगला भरलेला, त्यात ताणला की पाटावर थापलेल्या भाकरीसारखा दिसतो. रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटण असतं ते ४:३ वर आणा, बाजूला काळे पट्टे येतील, येऊ द्या. घरात कुणीतरी म्हणेलच "अर्धा टीव्ही रिकामा का", त्यांना खिडकीचा सीन लावून गप्प करा. "शाम ढले खिडकी तले". खाली हा शीळ घालणारा, वर ती वैतागल्याचं नाटक करणारी. ह्या गाण्यात तर नाच म्हणण्यासारखं काही नाहीच, तरी बघा, ती बोलत असताना तो जो ऐकत असतो ना, ते ऐकणं बघा. कॅमेरा तिच्यावर असावा असंच त्याला वाटतंय. स्वतःच दिग्दर्शक असलेले नट सहसा असं करत नाहीत, फ्रेममध्ये घुसतात.

गीता बालीबद्दल वेगळं काय लिहू. ती नसती तर हा पिक्चर अर्धा झाला असता. हिरो म्हणून जाडा बुटका माणूस आणि समोर त्या काळातली चलनी नटी, आणि ती एका क्षणालाही मी ह्याच्याबरोबर काम करून उपकार करतेय असं दाखवत नाही, उलट त्याच्या स्टेपला तिची स्टेप जुळवून घेते आणि मग हळूच वरचढ होते. "शोला जो भडके" मध्ये तर मी तिच्याकडेच बघतो, दादांची माफी मागून.

आता आवाज. इथे पूर्ण एक गुण कापलाय आणि हे थोडं तांत्रिक आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने शूट होते. ही डिस्क पॅल नावाच्या टीव्ही-पद्धतीची आहे, ती २५ ने चालते. सोपा उपाय म्हणून कंपन्या २४ ची फिल्म तशीच २५ ने पळवतात, म्हणजे सगळं चार टक्के जलद, आणि आवाज पण तसाच वर चढतो. माझा चुलतभाऊ पेटी वाजवतो, त्याला "धीरे से आजा री" लावून दिलं, तो सूर शोधत बसला आणि म्हणाला हे कुठल्या पट्टीत आहे, पांढऱ्यातून निघालं आणि काळीला पोचलंच नाही. बरोबर आहे त्याचं, चार टक्के म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं जवळपास पाऊण अंतर. लताबाईंचा आवाज आधीच बारीक, तो अजून बारीक होतो, आणि चितळकरांच्या (म्हणजे सी. रामचंद्रच, गाताना हे नाव) आवाजातला जो एक घरगुती भरडपणा आहे तो निघून जातो. नाच पण चार टक्के जलद. चार टक्के म्हणजे काय असं वाटेल, पण दादांच्या नाचात मजाच ही आहे की तो तालाच्या किंचित मागे रेंगाळतो, ते रेंगाळणंच खाल्लं जातं. कॉम्प्युटरवर बघणार असाल तर व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि सेटिंगमध्ये टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ नावाचं आहे ते बंद करा, नाहीतर वेग उतरतो पण सूर तसाच वर राहतो. हात हलताना कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर त्यातलंच डीइंटरलेस नावाचं सेटिंग चालू करा. एवढं केलं की एकदम माणसात येतो पिक्चर.

सूर जागेवर आला की मग कळतं सी. रामचंद्रांनी काय करून ठेवलंय. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, दादांचे स्टंटपटाच्या काळापासूनचे दोस्त, हिंदीत संगीतकार म्हणून पाय रोवला तो पण दादांच्याच "सुखी जीवन" मुळे, १९४२. म्हणजे अलबेला हा काही अचानक लागलेला मटका नाही, नऊ वर्षांची जोडी आहे. संगीत रामचंद्र देणार आणि भगवानसाठी गाणार पण तेच, "चितळकर" ह्या नावाने. गायक म्हणून ते काही रफी नाहीत (रफी पण आहेच पिक्चरमध्ये, "मेहफिल में मेरी") पण भगवानच्या अंगाला रफीचा आवाज जरा जास्तच इस्त्रीचा वाटला असता. चितळकरांचा आवाज त्याच्या अंगावर बसतो. आणि वाद्यमेळ बघा, बोंगो काय, मराकास (खुळखुळे) काय, ट्रम्पेट काय, हे सगळं गोव्याच्या वादकांचं काम. चिक चॉकलेट म्हणून हळदोण्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अंतोनियो शावियेर वाझ, रामचंद्रांचा सहायक होता, आणि तो आपल्या बँडसकट ह्या पिक्चरमध्ये पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. यूट्यूबच्या कापलेल्या कॉपीत मागच्या रांगेतल्यांची डोकी उडालेली असतात. इथे आहेत.

मेन्यूत गाण्यांची वेगळी यादी आहे आणि ती चांगली चालते, थेट गाण्यावर जाता येतं. ज्याला तेवढंच हवंय त्याची सोय झाली. पण मी म्हणेन एकदा तरी सलग बघा, आणि सलग बघताना कंटाळणार हे पण सांगून ठेवतो. गोष्ट अशी की प्यारेलाल नावाचा गरीब घरातला पोरगा, नट व्हायचं खूळ, बहिणीच्या लग्नाला आपल्या वाट्याचे पैसे आणू शकत नाही, बापाशी भांडण, घर सोडतो, नाटकात नाव काढतो, पैसे पाठवतो पण घरी पोचत नाहीत. पहिला भाग फर्स्टक्लास. बापलेकाचं भांडण खरं वाटतं, चाळीतल्या घरात असंच बोलतात. दुसऱ्या भागात रडारड सुरू होते आणि इथे स्पष्ट लिहितो, भगवानदादाला रडता येत नाही. तोंड वाकडं करतो, हात कपाळाला लावतो, अंग एकदम ताठ होतं, तो सैलपणाच जातो. विनोदी संवाद पण त्याचे फार धारदार नाहीत, शब्दावर हशा काढणारा तो नटच नाही. त्याचा विनोद सगळा चालण्या-बसण्यात, उभं राहण्यात. काम मागायला गेला की कसा उभा राहतो ते बघा आणि नंतर मोठा नट झाल्यावर कसा उभा राहतो ते बघा. फरक फक्त कमरेत आहे.

राज कपूरने त्याला सुचवलं होतं म्हणतात की मारामारी सोड आणि एखादा सामाजिक पिक्चर काढ. काढला, आणि १९५१ मध्ये "आवारा", "बाझी" च्या बरोबरीने धंदा केला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला, सात गाड्या, वाराप्रमाणे एक. मग १९५३ ला तीच टीम घेऊन "झमेला", तो बरा गेला पण अलबेला नाही झाला. १९५६ ला "भागम भाग". किशोरकुमारला घेऊन "हंसते रहना" सुरू केला तो पूर्णच झाला नाही आणि त्यात पैसा बुडाला, १९६६ चा "ला बेला" पडला, बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत परत. मग दुसऱ्यांच्या पिक्चरमध्ये मिळेल ते काम, गर्दीत नाचणारा, दारूडा, एका मिनिटाचा. ४ फेब्रुवारी २००२ ला गेला. बास, एवढंच लिहितो, कारण ही गोष्ट आपण इतक्या वेळा चघळलीये की माणसाचं काम मागे राहिलं आणि गाड्या मोजण्यातच लोक खूश. अमिताभपासून गोविंदापर्यंत सगळ्यांनी ज्याची स्टेप उचलली त्या माणसाबद्दल आपल्याला गाड्यांचा आकडा पाठ आहे आणि बहादुर किसान माहीत नाही. २०१६ मध्ये मंगेश देसाई आणि विद्या बालनचा "एक अलबेला" आला तेव्हा जरा बरं वाटलं होतं. देसाईंनी स्टेप सुंदर उचललीये, मी दोन्ही लागोपाठ लावून बघितलं. पण ते बघून मूळ बघायचं टाळू नका, देसाईंचे खांदे दादांपेक्षा जास्त काम करतात.

एक्स्ट्रा म्हणून डिस्कवर काही नाही. मुलाखत नाही, फोटो नाहीत, सबटायटल इंग्रजीत आहेत ती पण गाण्यांत गायब होतात. त्या स्टंटपटांतले बहुतेक तर आता बघायलाच मिळत नाहीत, त्यामुळे नुसते पोस्टरचे फोटो टाकले असते तरी मी अर्धा गुण परत दिला असता.

कुणी घ्यावी तर ज्यांच्याकडे अजून डीव्हीडी प्लेअर आहे किंवा कॉम्प्युटरला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह आहे त्यांनी. गाणी ऐकायला घेऊ नका, ऐकायला रेकॉर्डवरून आलेल्या आवृत्त्याच बऱ्या, सूर तरी जागेवर असतात. घरी वयस्कर माणसं असतील आणि त्यांना लावून द्यायची असेल तर जाहिराती संपेपर्यंत तुम्हीच रिमोट धरून बसा नाहीतर ते वैतागून बंद करतील. आणि विकणाऱ्याला आधी विचारून घ्या की डिस्क डीव्हीडी आहे का व्हीसीडी, कारण कव्हर सारखंच असतं आणि व्हीसीडीत चित्र डीव्हीडीच्या जेमतेम पाव भागाएवढ्या बारकाईचं असतं, त्यात बोटं दिसत नाहीत. "झमेला" ची अशी न कापलेली कॉपी कुठे मिळत असेल तर खाली सांगा.